गड्याचं काय झालं?

मागच्या दिवाळीनंतर मी सिरसाळ्याला घरीच होते. टोळ्या कारखान्यांकडं निघून गेल्या की आमच्या गल्लीत म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि माझ्यासारखे स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली घरात बसलेले तेवढे उरतात. आजीला रात्री झोप येत नाही. तिला गोष्ट लागते. टीव्हीवरच्या मालिकांचा तिला कंटाळा आलाय, म्हणून मी पुस्तकातल्या गोष्टी आमच्या बोलीत करून सांगते. एका रात्री मी तिला विजय तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' सांगायला घेतली. थोडी धाकधूक होती, म्हणून आडवळणानं सुरुवात केली. मोठ्या घरची एक पोरगी. तिला बघायला पाहुणे आले. मुलगा चांगला होता, पण तिच्या आत काही हललंच नाही. आपल्यात काही कमी आहे का, हे बघायला तिनं घरच्या गड्याला जवळ केलं. तेव्हाही काही नाही. मग तिला कळलं की पुरुषाची बायको होणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, आणि ती जीव द्यायला निघाली...

आजीनं मला तिथंच थांबवलं. मला वाटलं, आता ही म्हणणार, 'असलं काय वाचतीस?' ती म्हणाली, "मंग त्या गड्याचं काय झालं?"

"काही नाही. पुढं तो येतच नाही."

"येत न्हाई म्हंजे? मारला, का हाकलला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. एम.ए.ला असताना मी याच नाटकावर बारा पानी सेमिनार दिला होता. चौकट, बंड, देह, ओळख हे सगळे शब्द त्यात होते. गडी एका वाक्यात होता, तोही 'स्वतःच्या लैंगिकतेचा शोध घेताना' असल्या कर्तरी-कर्मणीच्या धुक्यात. माझ्या सरांनी त्याबद्दल विचारलं नाही, वर्गातल्या कुणीही विचारलं नाही. विचारलं ते आजीनं, कारण तिचा नवरा आयुष्यभर गडी होता.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेंडुलकरांनी आधी 'मित्रा' ही कथा लिहिली आणि तिच्यावरून नाटक. ते १९८१ साली रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपट्यांचं, आणि मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, कॉलेजात जाणारी, मोकळी, पोरांशी पोरांसारखी वागणारी मुलगी. बापू, म्हणजे श्रीकांत मराठे, बुजरा मुलगा, आणि गोष्ट तोच आपल्याला सांगतो. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाचं काम करते, समोर नायिका असते नमा, आणि मित्रा नमाच्या प्रेमात पडते. मन्या दळवी नमावर हक्क सांगणारा दांडगा, आणि पांडे बापूचा खोलीतला सोबती. चोरून भेटी, पत्रं, धमक्या, बदनामी आणि शेवटी मित्राचा मृत्यू. त्याच कथेवर रवी जाधवांनी वीणा जामकरला घेऊन 'मित्रा' हा लघुपट केला. त्याला २०१४ सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये 'बायोस्कोप' या चार लघुपटांच्या मालिकेत तो थिएटरात लागला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मित्राशी ओळख तिथूनच झाली असेल.

दोन मुलींमधलं प्रेम १९८१ साली मराठी मध्यमवर्गासमोर मांडायला छाती लागते, ती तेंडुलकरांपाशी होती. याबद्दल मला आजही वाद घालायचा नाही. मला बोलायचंय ते मित्रानं स्वतःवर केलेल्या त्या परीक्षेबद्दल.

आमच्याकडं 'गडी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पुरुषमाणसाला गडीमाणूस म्हणतात. 'घरात गडीमाणूस हाय का?' असं विचारलं तर नवरा, बाप, भाऊ कुणी आहे का, असा त्याचा अर्थ. आणि सालानं राबायला ठेवलेला तोही गडी, सालगडी. मित्राला 'पुरुष' तपासून बघायचा होता. तिनं घरातला हाताशी असलेला गडी घेतला. आमच्या बोलीत हे दोन्ही एकाच शब्दात बसतं, पण वाड्यात ते एकाच माणसात बसू दिलं जात नाही. सालगडी माजघराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ शकतो, धान्याची पोती आत ठेवू शकतो, लेकीबाळींना बैलगाडीतून स्टँडवर सोडू शकतो, ते एकाच अटीवर. त्याला पुरुष धरलेलं नसतं. ज्या दिवशी कुणी तसं धरलं, त्या दिवशी त्याचं काही खरं नाही.

माझे आजोबा शेजारच्या गावातल्या एका वाड्यावर बावीस सालं राहिले. साल पाडव्याला ठरायचं. इतके रुपये, इतकी पोती ज्वारी, एक धोतरजोडी, एक वहाणांचा जोड. आजी सांगते, चौकातून जाताना मालकीणबाई समोर आल्या तर आजोबा थांबून भिंतीकडं तोंड करायचे. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरज पडू नये, यातच तो नियम किती पक्का आहे ते कळतं. आता असा विचार करा, की त्या वाड्यातली कॉलेजात शिकणारी लेक एका दुपारी घरात कुणी नसताना या माणसाला जवळ बोलावते. तिला स्वतःबद्दल एक गोष्ट कळून घ्यायची आहे. तो 'नाही' म्हणू शकतो का? म्हणाला तर तिच्या शब्दापुढं त्याचा शब्द कोण ऐकेल? आणि 'हो' म्हणाला आणि कुणाच्या नजरेस पडलं तर?

ही भीती जुन्या काळातली नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये, आमच्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, अकरावीत शिकणाऱ्या १७ वर्षांच्या एका दलित मुलाला मारून झाडाला लटकवण्यात आलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलला, एवढा आरोप पुरला होता. २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. बरेच साक्षीदार फिरले होते. मित्राच्या घरच्या गड्याची जात कोणती, तेंडुलकर त्यावर थांबत नाहीत. पण मराठी वाचकाला ती अंदाजानं कळते, आणि धोका कुणाला किती होता हेही कळतं. मित्राची परीक्षा फसली तर तिला स्वतःबद्दलचं एक कठीण सत्य कळणार होतं. त्याच दुपारी गड्याचा जीव जाऊ शकत होता. नाटकाला या दुसऱ्या गोष्टीची जाणीवच नाही, असं मला आता वाटतं.

मित्रावर मी चिडलेली नाही. ती पोरगी बुडत होती आणि हाताला लागेल ते धरत होती. माझा राग आहे तो आपल्या वाचण्यावर. आपण निषिद्ध आकर्षणाच्या गोष्टी वाचतो तेव्हा आपल्याला दोनच माणसं दिसतात, प्रेम करणारे दोघं, आणि त्यांच्यासमोर उभा 'समाज'. समाज म्हणजे जणू एकच एक भिंत. त्या भिंतीच्या खाली कोण चिणलं गेलंय, ते बघायला आपण वाकत नाही.

आजीच्या प्रश्नानंतर मी इस्मत चुगताईंची 'लिहाफ' पुन्हा वाचली. १९४२ ची ही उर्दू कथा आता फोनवरही सहज सापडते. नवाबाला गोऱ्या, बारीक कमरेच्या तरुण पोरांचा शौक. त्याची बायको बेगम जान हवेलीत एकटी वाळत चाललेली. तिला सावरते रब्बो, तिची मालिश करणारी मोलकरीण. रात्री रजई हलते, भिंतीवर हत्तीसारखी सावली पडते, आणि हे सगळं एक लहान मुलगी बघते. या कथेवर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यातून इस्मत सुटल्या.

बेगम जानबद्दल ढीगभर लिहिलं गेलंय. रब्बोबद्दल त्या मानानं फार कमी. पण इस्मतची नजर बघा. तिनं रब्बोला चेहरा दिलाय, देवीचे व्रण असलेला. काळं, कसलेलं, घामट शरीर दिलंय, आणि सतत चालणारे हात. घरातल्या बाकीच्या नोकराण्या रब्बोवर जळतात हेही सांगितलंय, कारण मालकिणीच्या जवळ असणं ही त्या घरातली बढती आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट इस्मत ओझरती सांगून पुढं निघून जाते. रब्बोला एक मुलगा आहे. तो काही दिवस नवाबाकडं कामाला होता. त्याला कपडेलत्ते मिळाले होते. मग का कोण जाणे, तो असा पळाला की आईला भेटायलाही त्या हवेलीत पुन्हा फिरकला नाही. 'का कोण जाणे' हे त्या लहान मुलीचं अज्ञान. नवाबाचा शौक आपल्याला आधीच कळलेला असतो, म्हणून आपल्याला कारण कळतं. म्हणजे एकाच घरात मालक मुलाला वापरतो आणि मालकीण आईला. मुलगा पळू शकला. रब्बोला ते जमलं नाही, किंवा जमवायचं नव्हतं. कदाचित त्या रजईखाली तिलाही काही मिळत असेल, मी ते नाकारणार नाही. पण पगाराचा माणूस आणि पगार देणारा माणूस एका रजईखाली असले की 'राजीखुशी' हा शब्द मला तोंडातून काढवत नाही. रब्बो त्या मुलाला भेटायला जाते तेव्हा बेगम जानचे हात कुणाकडं वळतात? त्या लहान पाहुणीकडं. घरात जो सगळ्यात कमी ताकदीचा असतो, त्याच्याकडं. इस्मत हे न भिता लिहिते, आणि म्हणून 'लिहाफ' मला 'मित्राची गोष्ट'पेक्षा जास्त खरी वाटते.

तिच्यासोबत त्याच सुमारास मंटोलाही कोर्टात उभं राहावं लागलं होतं, 'बू' या कथेसाठी. ती तर आपल्याच माणसांची कथा आहे आणि मराठीत तिची आठवण त्या अंगानं फारशी निघत नाही. मुंबईचा पाऊस. रणधीर नावाचा सुखवस्तू तरुण चिंचेखाली भिजत उभ्या असलेल्या मुलीला खिडकीतून बघून वर बोलावतो. ती दोऱ्यांच्या कारखान्यात कामाला आहे, आणि मंटो तिला म्हणतो 'घाटन'. म्हणजे घाटावरची, म्हणजे आपल्यातली. रणधीर तिचा वास आयुष्यभर विसरत नाही. पुढं मॅजिस्ट्रेटच्या गोऱ्या मुलीशी लग्न झाल्यावरही तो त्या वासासाठी झुरतो. पण तिचं नाव काय? कथेत नाही. 'घाटी' ही शिवी ज्यांनी पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलात ऐकलीय, त्यांनी ही कथा एकदा त्या मुलीच्या बाजूनं वाचून बघावी. कष्टाचा वास एकाला गूढ वाटतो आणि दुसरीला तो आंघोळीला पाणी नसण्याचा पुरावा असतो. मंटो मला फार आवडतो, म्हणून हे लिहिताना जरा जड जातंय.

दीपा मेहतांच्या 'फायर'वर एवढंच. १९९८ च्या डिसेंबरात मुंबईत ज्या सिनेमावरून थिएटरं फोडली गेली, त्यात दोन जावांचं प्रेम घरातल्यांपुढं उघडं करणारा कोण असतो? मुंडू, घरगडी. गडी एक तर तपासायला लागतो, नाही तर चुगली करायला.

आता तेंडुलकरांच्या बाजूनं. ते वर्गाला आंधळे नव्हते. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांनी 'कन्यादान' लिहिलं. त्यात नाथ देवळालीकर हा समाजवादी बाप मुलीच्या दलित कवीशी होणाऱ्या लग्नाकडं एक थोर प्रयोग म्हणून बघतो आणि त्याची किंमत मुलगी अंगावर घेते. चांगल्या माणसांनी दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग करू नयेत, हे त्या नाटकाला नीट कळलंय. त्या नाटकातल्या अरुण आठवलेच्या चित्रणावर दलित लेखकांनी घेतलेले आक्षेप मला बरेचसे पटतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. मुद्दा असा, की तोच लेखक मित्राच्या प्रयोगाजवळून मात्र न थांबता पुढं गेला. कारण मला वाटतं बापू आहे. गोष्ट बापूच्या तोंडून येते, आणि बापू भला, भित्रा, पांढरपेशा मुलगा. मित्रानं सांगितलेलं ऐकून तो हादरतो मित्रासाठी. त्याच्या जगात गडी हा सामानातला भाग आहे.

बापूकडं आणखी एक गोष्ट आहे, तीही वर्गाचीच. खोली. पांडेसोबतची का होईना, पण दाराला आतून कडी असलेली. मित्रा आणि नमाला भेटायला ती खोली मिळते म्हणून नाटक पुढं सरकतं. माझ्या ओळखीत सिरसाळ्यात स्वतःची खोली असलेली एकही अविवाहित मुलगी नाही, मीसुद्धा नाही. आमची खोली म्हणजे फोन, तोही घरात दोघांत एक. पॅटर्न लॉक भावाला माहीत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमातून प्रौढांमधले राजीखुशीचे संबंध वगळले, तेव्हा मी हॉस्टेलवर होते आणि आम्ही मैत्रिणींनी रात्री कॅन्टीनचा चहा मागवून ते साजरं केलं. त्यातली एक आता परळीजवळच्या खेड्यात आहे, दोन लेकरांची आई. तिला मी या लेखाबद्दल मेसेज केला. तिनं अंगठा पाठवला.

मित्राच्या घरात लग्न ही इभ्रतीची गोष्ट आहे. आमच्या भागात लग्नाचा हिशेब आणखी एका वहीत असतो, मुकादमाच्या. ऊसतोडीचं माप 'कोयता' आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून ट्रककडं नेते, आणि पैसे टनावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कुणी सहज घेत नाही. पोराला जोडीदार हवी आणि पोरीला कोपीत एकटी कशी ठेवायची, या दोन्ही कारणांनी लग्नं लवकर उरकतात. सेमिनारमध्ये मी 'विवाहसंस्थेचा दबाव' असं लिहिलं होतं. दबाव म्हणजे नक्की काय, ते इथं असं मोजता येतं. उचल उचललेली आहे, दसऱ्यानंतर गाडी येणार आहे, आणि पोरगी म्हणते मला लग्न नको. तिच्या आत काय हललं आणि काय हललं नाही, हे विचारायला वेळ कुणाकडं आहे? इथल्या मित्राला स्वतःला तपासून बघायचीही सवड मिळणार नाही. आणि तिच्या घरी गडी नसेल, तिचा बापच कुणाचा तरी गडी असेल.

म्हणून मला ही गोष्ट सिरसाळ्यात बसून नव्यानं लिहिलेली वाचायची आहे. कुणी लिहिली असेल तर मला पाठवा. मराठीत ग्रामीण कथा भरपूर आहे आणि तिच्यातलं प्रेम बहुतेक वेळा पाटलाचा पोरगा आणि गरिबाची पोरगी, नाही तर उलट, एवढ्यातच फिरतं. फडातल्या दोन बायकांची कथा मी तरी वाचलेली नाही.

आजीला गोष्टीचा शेवट मी दुसऱ्या रात्री सांगितला. मित्रा मरते हे ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आत्याला इचार. त्यांच्या टोळीत दोघी व्हत्या."

आत्या मार्चमध्ये पट्टा पडल्यावर परत आली. मी विचारलं. तिनं हातातली ज्वारी निवडता निवडता सांगितलं, हो, होत्या. एकीचा नवरा वारलेला, दुसरीनं नांदणं सोडलेलं. दोघींनी मिळून एक कोयता धरला होता, चार हंगाम. मुकादम आधी घ्यायला तयार नव्हता. मग पहिल्याच पंधरवड्यात त्यांचं टनेज आमच्या दोन जोड्यांपेक्षा जास्त भरलं, तेव्हा गप बसला.

"आणि लोक काय म्हणायचे?"

"काय म्हणत्यात? ऊस तोडत व्हत्या."

"कोपी एकच होती?"

आत्यानं सूप झटकलं, खडे बाजूला सारले आणि म्हणाली, "एका कोयत्याला एकच कोपी असती."